बागेतल्या खोलीची चावी

स्मरणिका समितीने माझ्याकडे 'आपल्या सोसायटीचा इतिहास' मागितला होता. तो मी लिहीत नाही. भूखंड कसा मिळाला, पाया कधी खणला, लिफ्ट किती वर्षं नुसती शोभेची होती, हे सगळं संस्थापक अध्यक्षांच्या लेखात येईलच. मी लिहितो आहे फाटकासमोरच्या बागेतल्या दोन खोल्यांबद्दल. त्या आपल्या मालकीच्या नाहीत, कधी नव्हत्या. पण आपल्यापैकी निम्म्या घरांतली मुलं तिथल्या बालवाडीत पहिल्यांदा रडली, तिथल्या कपाटातली पुस्तकं आपण उन्हाळ्यात वाचली, आणि सकाळी सहाला तिथे जमून हात वर करून हसणाऱ्या मंडळींना आपल्या गॅलरीतून नावंही ठेवली. (जाता जाता सांगतो, हास्यक्लबची सुरुवातही १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या एका बागेतच झाली. डॉ. मदन कटारिया आणि अवघे चार-पाच जण होते.) येत्या मार्चला या खोल्यांचा करार संपतो आहे. त्यामुळे हा विषय जुना असला तरी निवृत्त झालेला नाही.

सार्वजनिक बागेतली इमारत हौसेने काम करणाऱ्या संस्थेला चालवायला द्यावी का, हा प्रश्न आपल्या लेआउटमध्ये जन्मला असं कोणी समजू नये. महाराष्ट्रात तो दीडशे वर्षांचा आहे. मला तो पहिल्यांदा भेटला मुंबईत, १९८६ च्या सुमारास. बँकेने भायखळ्याजवळच्या शाखेत बदली केली होती. रविवारी खोलीवर बसून करायचं काय? म्हणून राणीच्या बागेत जायचो. बागेतच एक जुनं संग्रहालय आहे. त्या काळी आत गेलं की धूळ, अंधार, पिवळी पडलेली चिठ्ठी लावलेली मातीची माणसं, आणि डुलक्या घेणारा पहारेकरी. मला ती जागा आवडायची, कारण तिथे पंख्याखाली बसता यायचं. तिच्या इतिहासाशी तेव्हा काही देणंघेणं नव्हतं.

इतिहास पुढे वाचला तेव्हा गंमत वाटली. राणीची बाग मुळात सरकारने किंवा मनपाने चालवलेली नव्हतीच. ती उभी केली 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या १८३० साली स्थापन झालेल्या, सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाने. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रियर यांच्या हस्ते बाग खुली झाली. त्याच दिवशी संग्रहालयाची कोनशिला बसली. त्यासाठी लोकांकडून पैसा गोळा करणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे पुढे होते. भाऊ दाजी म्हणजे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर. गरिबांवर मोफत उपचार करायचे आणि उरलेल्या वेळात जुने शिलालेख वाचायचे. संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं आणि दोन वर्षांनी ते गेले. त्याच सुमारास, १८७३ मध्ये, बाग चालवणाऱ्या मंडळाचाही कारभार आटोपला आणि बाग मुंबईच्या नगरपालिकेकडे आली. मंडळी उत्साही होती, पण उत्साहाला वारस नसतो. वर्गणी देणारे म्हातारे झाले, बदलून गेले, वारले. बाग मात्र तिथेच होती, आणि झाडांना रोज पाणी लागतं.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षं पालिकेने ती सांभाळली. १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं. पण नाव मिळालं म्हणून छत गळायचं थांबत नाही. शेवटी फेब्रुवारी २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेची, पैसा बराचसा फाउंडेशनचा, जाणकारी इंटॅकची आणि कारभाराला स्वतंत्र विश्वस्त संस्था. २००५ मध्ये या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा उघडलं. पुढच्या वर्षी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. तीच मातीची माणसं, पण आता दिव्याखाली, छतावरच्या सोनेरी नक्षीसकट. ज्या बागेची सुरुवात एका मंडळाने केली, ती पालिकेकडे गेली आणि एकशेतीस वर्षांनी पालिकेनेच बागेतल्या एका इमारतीसाठी पुन्हा एका संस्थेला बोलावलं. फरक एवढाच, की या वेळी कोणाचं काय आहे ते सह्यांसकट लिहून ठेवलं होतं.

आता आपल्या गावाकडे येऊ. नागपूरकर बागांच्या बाबतीत नशीबवान आहे असं बाहेरचे म्हणतात. महाराजबाग भोसल्यांची, ती आज कृषी विद्यापीठाकडे आहे. पण आपल्या रोजच्या बागा तेवढ्या जुन्या नाहीत. त्या आल्या लेआउटबरोबर. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आपली एनआयटी, अस्तित्वात आली. मग आखणी, रस्ते, भूखंड, आणि नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेली मोकळी जागा. 'ओपन स्पेस' आणि 'पीयू लँड' हे दोन शब्द नागपुरात निरक्षर माणसालाही कळतात. आर.एल.साठी चपला झिजवलेल्या प्रत्येकाला कळतातच. पुढे गुंठेवारीचा २००१ चा कायदा आला, शेकडो अनधिकृत लेआउट नियमित होऊ लागले, आणि तिथे मोकळी जागा ही नकाशात असे, जागेवर नसे. कारण ओळखीचं आहे. आधी एक झेंडा, मग ओटा, मग टिनाचं छप्पर, मग 'समाज भवन'. प्रत्येक वेळी हेतू चांगलाच असतो. मोकळ्या जागांवरच्या धार्मिक बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, तो यामुळेच.

आणि उलट बाजूही नागपूरने पाहिली. अंबाझरी उद्यानातलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये पाडलं गेलं. उद्यानाची जागा पर्यटन महामंडळामार्फत एका खाजगी कंपनीला विकासासाठी देण्यात आली होती. त्यावर लोक किती दिवस धरणं धरून बसले ते आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचलं, काहींनी जाऊनही पाहिलं. त्याच्या राजकारणात मी शिरत नाही. मला त्यातून एवढंच दिसलं, की बागेतली इमारत लोकांच्या मनात 'आपली' असते, आणि कागदावर ती कोणाची आहे हे बहुतेकांना ती पडते त्या दिवशी कळतं.

आपल्या दोन खोल्यांचंही तेच झालं असतं.

२००० साली आपण राहायला आलो तेव्हा बाग म्हणजे तारेचं कुंपण आणि कमरेएवढं गाजर गवत. एक खोली माळ्याची, पण माळी नव्हता. दुसरीवर 'वाचनालय' अशी टिनाची पाटी, पण पुस्तक नव्हतं. आपल्या आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या दहा-बारा जणांनी मंडळ काढलं, श्रमदान केलं आणि २००२ मध्ये खोल्या मागितल्या. त्या वेळच्या एका लोकप्रतिनिधीने चावी दिली आणि एका कागदावर 'सदर खोल्या मंडळास वापरण्यास हरकत नाही' असं लिहून दिलं. मुदत नाही, तारीख नाही, जावक क्रमांक नाही. असा कागद कर्जाच्या प्रकरणात माझ्या टेबलावर आला असता तर मी चहाही न पाजता परत केला असता. पण त्या कागदावर अकरा वर्षं सुखाने गेली.

ती वर्षं खरंच चांगली होती. बालवाडी सुरू झाली. घरोघरी फिरून पुस्तकं जमवली. पहिल्या खेपेला ना. सी. फडके पोतंभर आले आणि मुलांचं एकही पुस्तक नाही, म्हणून दुसरी खेप. मागच्या वस्तीतल्या बायका मुलांना सोडून कामावर जायच्या. आपल्याकडच्या दोन वहिनी, दोघीही निवृत्त शिक्षिका, बिनपगारी शिकवायच्या. मे महिन्यात बागेच्या फाटकाशी रांजण भरून ठेवायचे. ४६ डिग्रीत रांजणाचं मोल काय ते पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांना नाही कळायचं.

मी २०११ मध्ये निवृत्त झालो आणि बँकेतला म्हणून लगेच खजिनदार झालो. पुढचं मी कबुलीजबाब म्हणून लिहितो आहे.

खोलीला टाईल्स बसल्या, पंखे लागले, तसा तिचा भाव वाढला. कोणी डोहाळजेवणासाठी मागितली, दिली. कोणी हळदीच्या कार्यक्रमासाठी मागितली, दिली. मग आम्ही 'देणगी' घ्यायला लागलो. पावती मी फाडायचो. पैसा मंडळाच्या खात्यातच जायचा, एक रुपया इकडेतिकडे नाही. पण ज्या दिवशी कार्यक्रम त्या दिवशी बालवाडीला सुट्टी, हे हळूहळू ठरूनच गेलं. मग कपाटाला कुलूप आलं, चावी एकाच घरी राहू लागली, आणि एके दिवशी दारावर पाटी आली: 'फक्त सभासदांसाठी'. वर्गणी वर्षाला ३०० रुपये. वस्तीतल्या बायका ती कुठून देणार? त्या यायच्या थांबल्या. आमच्यातल्या कोणाला त्या का येत नाहीत असा प्रश्न पडल्याचं मला आठवत नाही. मलाही पडला नाही.

२०१३ मध्ये तक्रार झाली. ती वस्तीतूनच झाली. संबंधित कार्यालयातून एक तरुण अधिकारी आला. आम्ही आमचा कागद मोठ्या रुबाबात पुढे केला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि नम्रपणे विचारलं, "काकाजी, खोली त्यांची होती काय जी, त्यांनी दिली ते?" मी बत्तीस वर्षं लोकांना हाच प्रश्न विचारत आलो होतो, की देणाऱ्याला द्यायचा अधिकार होता का. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. खोल्यांना कुलूप लागलं ते अकरा महिने. उघडल्यावर खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं वाळवीने खाल्ली होती.

त्या अकरा महिन्यांत मी कायदा वाचला. तो इथे थोडा सांगतो, कारण मार्चमध्ये सर्वसाधारण सभेत याची गरज पडणार आहे. भाडेपट्टा आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा म्हणतो, की एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. परवाना म्हणजे नुसती वापरायची मुभा, जागेत हक्क काही नाही. कागदावर कोणता शब्द लिहिला आहे एवढ्याने भागत नाही. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलात एक केशकर्तनालय होतं. १९४९ च्या कागदात त्याला 'लायसन्स' म्हटलं होतं. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५९ मध्ये बहुमताने ठरलं, की नाव काहीही द्या, व्यवहार भाडेपट्ट्याचा आहे. म्हणजे बागेची मालक असलेल्या कार्यालयाने बेसावधपणे कागद केला तर खोली हातची जाते, आणि मंडळाने बेसावधपणे केला तर मंडळ रस्त्यावर येतं. दोन्हीकडच्यांनी घाबरण्यासारखंच आहे.

आम्हाला नवा करार मिळाला तो २०१४ मध्ये. त्याआधी मंडळाची रीतसर नोंदणी करावी लागली, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे, पदाधिकारी बदलले की फेरफार अर्ज द्यायचा. कुरकुर झाली. 'समाजसेवेलाही ऑडिट?' असं एका ज्येष्ठ सभासदाने विचारलं. हो, समाजसेवेलाच ऑडिट. कारण तिथे माणूस स्वतःला तपासायचं विसरतो, हे मी पावती पुस्तकासकट सिद्ध केलं होतं. करार तीन वर्षांचा. अटी साध्या: खाजगी समारंभ नाही, बांधकाम नाही, बालवाडी आणि वाचनालय सर्वांना खुलं, वीजबिल मंडळाचं, छताची दुरुस्ती कार्यालयाची, एक चावी माळ्याकडे. ती पाटी मी स्वतः स्टुलावर चढून काढली. वस्तीतल्या बायका मात्र लगेच परत आल्या नाहीत. दीड वर्ष लागलं. त्यातली एक आज मंडळाची सहसचिव आहे, आणि हिशेबात माझ्यापेक्षा कडक आहे.

२०१७, २०२० आणि २०२३ मध्ये नूतनीकरण झालं. मधे एक धसका बसला. २०१९ च्या नियमांनी राज्यातल्या महापालिकांच्या मिळकतींच्या नूतनीकरणाला बाजारभावाच्या किमान ८ टक्के वार्षिक भाडं ठरवलं. या भागातल्या जागेच्या दराने हिशेब केला तर आमची बालवाडी एखाद्या ज्वेलर्सच्या दुकानाएवढं भाडं देणारी झाली असती. राज्यभर ओरड झाली आणि २०२३ मध्ये तो दर एक टक्क्याच्याही खाली आणावा लागला. आमचा करार तीन वर्षांच्या वापरपरवान्याचा असल्याने आम्ही त्यात सापडलो नाही. पण दोन सभा नुसत्या भीतीवर गेल्या.

आता मार्चचा प्रश्न. आपल्या सोसायटीतल्या काही सभासदांनी, त्यात माझे जवळचे मित्रही आहेत, असं सुचवलं आहे की मंडळाऐवजी सोसायटीनेच खोल्या तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागाव्यात, वर एक मजला चढवावा, धर्मादाय दवाखाना आणि हॉल करावा. रौप्यमहोत्सवाची कायमची खूण राहील. हेतू चांगला आहे. दवाखान्याला 'नको' म्हणणारा माणूस वाईटच दिसतो, हेही मला ठाऊक आहे.

त्यांना मी बंगलोरची हकिकत सांगितली ती इथेही सांगतो. तिथल्या राजमहाल विलास एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे आजच्या सदाशिवनगरात, आराखड्यात बागेसाठी राखलेली जागा होती. १९७६ मध्ये सरकारी आदेशाने ती एका वैद्यकीय ट्रस्टला रुग्णालयासाठी देण्यात आली. शेजारचे रहिवासी कोर्टात गेले. एकल न्यायाधीशांपुढे हरले, खंडपीठापुढे जिंकले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्याच बाजूने निकाल दिला: बागेसाठी राखलेली जागा अशी रुग्णालयासाठी वळवता येत नाही. पंधरा वर्षं गेली त्यात. रुग्णालय ही काही वाईट गोष्ट नव्हती. पण ती बाग नव्हती. मुंबईतही मोकळ्या जागा संस्थांना सांभाळायला द्यायच्या योजना आल्या, काही ठिकाणी बागा सुरेख राखल्या गेल्या, काही ठिकाणी क्लब उभे राहिले, आणि २०१६ मध्ये दोनशेहून अधिक जागा परत घेण्याचं काम पालिकेला हाती घ्यावं लागलं.

माझे एक स्नेही म्हणतात, "तीन-तीन वर्षांच्या करारावर कोण पैसा लावेल? पाणी गळतं, खिडक्या सडल्या आहेत." हे म्हणणं खोटं नाही. तीन वर्षं फारच थोडी आहेत. देणगीदार विचारतो, चौथ्या वर्षी माझे पंखे कोणाचे? म्हणून माझी सूचना अशी: सोसायटीने यात पडू नये. मंडळाने दहा वर्षं मागावीत, रीतसर नोंदणी करून. पण २०१४ च्या सर्व अटी तशाच ठेवाव्यात, आणि एक वाढवावी, की मंडळाच्या कार्यकारिणीत निम्मे लोक आपल्या फाटकाबाहेरचे असावेत. वरचा मजला नाही. दवाखान्यासाठी सोसायटीच्या तळमजल्यावरची, पंधरा वर्षं भंगार ठेवलेली खोली आहे. ती आपलीच आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, फक्त भंगार काढावं लागेल.

२०१४ च्या कराराची प्रत, नूतनीकरणाची तीन पत्रं आणि २००२ चा तो बिनतारखेचा कागद, हे सगळं एका निळ्या फाईलमध्ये सोसायटी कार्यालयातल्या कपाटात ठेवलं आहे. वरून दुसरा खण. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या नव्वद दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे डिसेंबर संपायच्या आत. गेल्या दोन वेळी मी दिला. या वेळी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन त्याच महिन्यात आहे, तेव्हा तरुण सभासदांपैकी कोणीतरी संध्याकाळी घरी येऊन फाईल समजून घ्यावी. चहा मिळेल.